गळ्यातली ग्रंथी, डोळ्यातले रंग

1967 साली सॅम्युएल रेफेटॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका कुटुंबाची हकिगत प्रसिद्ध केली. आईवडील एकमेकांच्या नात्यातले. मुलं जन्मापासून मूकबधिर, गळ्याशी गलगंड, हाडांची वाढ मागे पडलेली. थायरॉईड कमी पडतंय अशी शंका यावी अशीच ही चिन्हं. रक्त तपासलं तर भलतंच निघालं. थायरॉईडचं संप्रेरक कमी तर नव्हतंच, उलट नेहमीपेक्षा जास्त होतं! ग्रंथी निरोप धाडत होती, पण पेशींना तो समजत नव्हता.

दहा वर्षांनी, 1977 साली, न्यूएल आणि डिडी यांनी याच दुर्मीळ विकाराच्या, जन्मतः बहिऱ्या रुग्णाचे डोळे तपासले आणि त्यात रंगदृष्टीच नसल्याची नोंद केली. गळ्यातल्या ग्रंथीचा रंगांशी काय संबंध? उत्तर द्यायला तेव्हा कुणाजवळ काहीच साधन नव्हतं. ती नोंद तशीच पडून राहिली.

धागा हाती लागला तो कोंबड्यांच्या एका विषाणूमुळे. रक्ताचा कर्करोग करणाऱ्या या विषाणूत एक जनुक होतं. 1986 साली हायडेलबर्गमध्ये ब्यॉर्न व्हेनस्ट्रॉम आणि कॅलिफोर्नियात रोनाल्ड एव्हान्स यांच्या गटांनी एकाच वेळी दाखवून दिलं की या जनुकाची मूळ, निरोगी प्रत म्हणजे थायरॉईडचा निरोप वाचणारा रिसेप्टर. पुढे कळलं, की 1967च्या त्या कुटुंबातल्या मुलांमध्ये या रिसेप्टरच्या ‘बीटा’ प्रकाराचं जनुकच गायब होतं.

व्हेनस्ट्रॉम यांच्याबरोबर काम करणाऱ्या डग्लस फॉरेस्ट यांनी रिसेप्टरचा माग सोडला नाही. 1992 साली कोंबडीच्या गर्भाच्या दृष्टिपटलात त्यांना त्याचा ‘बीटा-2’ हा उपप्रकार दिसला. मग लिली एंग आणि फॉरेस्ट यांनी तेवढाच उपप्रकार नसलेले उंदीर तयार केले. उंदराला रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दोनच तऱ्हेच्या: एक हिरव्या उजेडाची, दुसरी निळ्या-अतिनील उजेडाची. 2001 साली आलेला निकाल थक्क करणारा होता. पेशी मेल्या नव्हत्या, संख्याही घटली नव्हती. पण हिरव्याचं रंगद्रव्य साफ नाहीसं झालं होतं आणि झाडून साऱ्या शंकूपेशी निळ्याच्या झाल्या होत्या. म्हणजे शंकूपेशीचा मूळ कल निळ्याकडे. तिला तिथून वळवतं ते थायरॉईड. बहिऱ्या रुग्णाचं ते जुनं कोडं इथे उलगडू लागलं.

तरीही सगळ्यांची समजूत अशी, की हा निवाडा वाढीच्या काळात एकदाच होतो आणि जन्मभर टिकतो. 2011 साली मार्टिन ग्लोसमान, लिओ पाइखल, अनिका ग्लाश्के आणि सहकाऱ्यांनी ही समजूत मोडली. त्यांनी पूर्ण वाढलेल्या उंदरांना आणि रॅटना मेथिमाझोल दिलं. थायरॉईड जास्त झालेल्या माणसांना देतात तेच औषध. संप्रेरक उतरलं आणि प्रौढ डोळ्यातल्या, पक्क्या झालेल्या शंकूपेशींनी हिरव्याचं द्रव्य आवरून निळ्याचं बनवायला घेतलं. औषध थांबवल्यावर त्या परत पहिल्यासारख्या झाल्या! ज्या उंदरांना जन्मतः थायरॉईड ग्रंथीच नव्हती, त्यांना संप्रेरक दिलं तेव्हा हिरवं उमटलं. बंद केलं तेव्हा गेलं. माझ्या मते या साऱ्या कथेतला सर्वांत धाडसी प्रयोग हाच, कारण ज्या प्रश्नाचं उत्तर सर्वांना माहीत आहे असं वाटत होतं, तोच त्यांनी पुन्हा विचारला.

उंदरांचं झालं, माणसाचं काय? गर्भातल्या बाळाच्या डोळ्यात डोकावता येत नाही. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रॉबर्ट जॉन्स्टन यांची विद्यार्थिनी कियारा एल्ड्रेड हिने मानवी मूलपेशींपासून बशीत दृष्टिपटलाचे इवले गोळे वाढवले. पोटातल्या बाळाइतकाच वेळ घेणारं, महिनोन्‌महिने निगराणीचं हे काम. तिने उंदरांसारखाच बीटा-2 काढून टाकला, तर काहीच बदललं नाही! मग बीटाचं सबंध जनुक निकामी केलं, तेव्हा शंकूपेशी निळ्याच्या झाल्या. उलट, सुरुवातीपासून जादा संप्रेरक दिलं तर त्या तांबड्या-हिरव्याच्या. शिवाय दिसलं, की दृष्टिपटल आधी संप्रेरक मोडणारं विकर बनवतं, नंतर त्याला जागं करणारं. म्हणून निळ्या पेशी आधी येतात, तांबड्या-हिरव्या मागाहून. वेळापत्रक डोळा स्वतःच पाळतो. 2018 साली हे ‘सायन्स’मध्ये छापून आलं.

थायरॉईडची गोळी रोज घेणाऱ्या वाचकांनी यातून घाबरून जाऊ नये. उंदराच्या प्रौढ डोळ्यात घडतं ते माणसाच्या प्रौढ डोळ्यात तसंच घडतं, असा अर्थ काढायचा नाही. रंग फिके वाटू लागले तर मोतीबिंदूपासून दृष्टिनाडीच्या दुखण्यापर्यंत कारणं पुष्कळ असतात, नेत्रतज्ज्ञाकडेच जावं. आग्रह आहे तो नव्या आईबापांना. भारतात साधारण हजार-अकराशे बाळांमागे एकाला जन्मतः थायरॉईड कमी असतं. मुख्य धोका मेंदूच्या वाढीला, आणि पहिल्या काही आठवड्यांत औषध सुरू झालं तर तो बहुतांशी टळतो. बाळ घरी नेण्याआधी टाचेतून थेंबभर रक्त घेऊन थायरॉईडची टीएसएच चाचणी केली का, हे डॉक्टरांना विचारा. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर ही तपासणी पुन्हा कधी करायची, तेही विचारून घ्या.