त्रेपन्न की पस्तीस?

‘त्रेपन्न लिही’ म्हटल्यावर दुसरीतले मूल कधी कधी 35 लिहिते. आपण त्याला निष्काळजीपणा म्हणतो. खरे तर मूल ऐकले त्याच क्रमाने लिहीत असते. मराठीत ‘त्रे’ म्हणजे तीन आधी ऐकू येतात, पन्नास नंतर. लिहिताना मात्र पाच आधी. कन्नड, तेलुगू भाषांत दशक आधी बोलला जातो, त्यामुळे तिथे हा घोटाळा टळतो.

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’ अशा वाचनाचा पर्याय आला, तेव्हा बरीच टीका झाली. डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागची हीच अडचण समजावून सांगितली होती.

नाव कोणतेही घेतले, तरी संख्या मुलाच्या हाताखालून जायला हवी. निमगाव सावा परिसरातल्या मुलांना मेथी-कोथिंबिरीची जुडी ओळखीची असते. दहा-दहा काड्यांच्या पाच जुड्या आणि तीन सुट्या काड्या मांडू या. शेजारी तीन जुड्या, पाच सुट्या. अंक तेच, पण काड्या सारख्या आहेत का? उत्तर मुलांनाच शोधू द्यावे.

आता 53 मधून 28 काढू. तीन सुट्यांतून आठ निघत नाहीत, म्हणून एक जुडी सोडली: चार जुड्या, तेरा सुट्या. त्यातून दोन जुड्या आणि आठ सुट्या काढल्या, उरल्या 25. ‘उसना’ घेतलेला एक म्हणजे दहा, हे आता वेगळे सांगावे लागत नाही. पाठ केलेली रीत विसरली, तरी असे मूल ती पुन्हा शोधून काढू शकते.