यंत्र-गुमास्ता आणि दिनदर्शिका



भेटीगांठी टिपून ठेवण्यास पूर्वीं रोजनिशी असे; आतां तें काम संगणकांतील दिनदर्शिका करिते, आणि अलीकडे तर तींत लिहिणाराहि मनुष्य नसतो. ‘एआय एजंट’ म्हणून ज्याचा सध्यां बोलबाला आहे, त्यास आपण यंत्र-गुमास्ता म्हणूं. धनी सांगतो, “पुढील आठवड्यांत दंतवैद्यांची वेळ ठरव,” आणि हा गुमास्ता दिनदर्शिका उघडून मोकळी वेळ शोधतो व नोंद करितो. मात्र हें साधन कसें चालवावें, याचें माहितीपत्रक कोणीं तरी त्यास लिहून द्यावें लागतें. तें पत्रक कसें असावें, हा आजचा विषय.

मनुष्य-कारकून अडला म्हणजे शेजारच्या मेजावर जाऊन विचारतो. यंत्र पुष्कळदां विचारीत नाहीं; तें तर्क करितें, आणि तोहि इतक्या ठाम भाषेंत कीं ऐकणारास संशयहि येऊं नये. म्हणून साधनास काय येतें याहून त्यास काय ठाऊक नाहीं, हें पत्रकांत लिहिणें मला अधिक अगत्याचें वाटतें.

आमच्या मालवणकडचेंच पाहा. येथील वर्षांत तीन जातींचे दिवस आहेत. पावसाळी मासेमारीची बंदी सरकारी आदेशानें इंग्रजी तारखांस बांधलेली असते; २०२५ सालीं ती १ जून ते ३१ जुलै होती. आदेश पाहिला कीं काम झालें.

दुसरी जात नारळी पौर्णिमेची. २०२३ सालीं श्रावण अधिक आल्यामुळें ती ३० ऑगस्टला आली, तर २०२४ सालीं १९ ऑगस्टला. संगणकांच्या दिनदर्शिकांनीं परस्परांशीं बोलावें म्हणून ‘आयकॅलेंडर’ नांवाचा नियमसंग्रह १९९८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील ‘दरवर्षीं’ हा शब्द इंग्रजी महिन्यांपुरताच होता. तिथीसाठीं पंचांग हवें. ‘कालनिर्णय’कर्ते जयंत साळगांवकर मूळचे मालवणचेच, १९७३ पासून त्यांनीं तें गणित घरोघरच्या भिंतीवर टांगून ठेविलें, म्हणून आपणांस त्याची अडचण भासत नाहीं. यंत्रास मात्र भिंत नाहीं.

तिसरी जात सर्वांत कठीण. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची यात्रा ना तारखेस बांधलेली, ना तिथीस. देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो आणि मग तो जाहीर होतो. आतां गंमत अशी कीं ४ फेब्रुवारी २०२३, २ मार्च २०२४ व २२ फेब्रुवारी २०२५ हे यात्रेचे तिन्ही दिवस शनिवार होते. एवढेंच पाहणारा गुमास्ता ‘यात्रा शनिवारीं’ असा सिद्धान्त बांधून मोकळा होईल. पण २०२२ सालीं यात्रा २४ फेब्रुवारीस होती, आणि तो गुरुवार होता.

ही चूक स्वस्त नाहीं. मुंबईचा चाकरमानी कचेरींतून मोजकी रजा काढतो, आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचें आरक्षण प्रवासापूर्वीं ६० दिवस खुलें होतें. गुमास्त्यानें तर्कानें तिकीट काढलें, तर रजा आणि पैसा दोन्ही जाऊन देवीचें दर्शन राहतें. यास्तव पत्रकांत असें वाक्य असावें: “दिवस जाहीर झाला नसल्यास साधन ‘अनिश्चित’ असें उत्तर देईल. हें उत्तर मिळतांच नोंद करूं नये, तिकीट काढूं नये, धन्यास कळवावें.” मागील वर्षांच्या तारखांवरून अनुमान करूं नये, हेंहि तेथेंच लिहावें. लहान मुलांस सांगतों तितकें फोडून सांगावें लागतें, त्याचा कंटाळा करून चालत नाहीं.

नोंद करतांना मध्येंच संपर्क तुटला, तर गुमास्ता तीच नोंद पुन्हा करील. म्हणून प्रत्येक नोंदीस एकच निराळी खूण असावी. वाचण्याची परवानगी व लिहिण्याची परवानगी वेगळी असावी, कारण दुसऱ्यास गेलेलें आमंत्रण परत घेतां येत नाहीं.

राहतां राहिली घड्याळाची गोष्ट. मुंबई शहरांत १९५५ पर्यंत ३९ मिनिटें मागें असलेलें निराळें घड्याळ चालत असे, हें वृद्ध श्रोत्यांस स्मरत असेल. आज मुलगा लंडनला आहे. हिवाळ्यांत तो आपल्यामागें साडेपांच तास, तर उन्हाळ्यांत साडेचार. म्हणून नोंदींत तासांचा फरक लिहूं नये; ‘एशिया/कोलकाता’ आणि ‘युरोप/लंडन’ हीं स्थळनांवें लिहावीं, आणि धनी नुसतें “साडेसातला” म्हणाला, तर सकाळीं कीं सायंकाळीं, हें विचारावें.