नेत्रपरीक्षण : चिकित्सेपूर्वीचे कर्तव्य

आयुर्वेदाच्या आठ अंगांत शालाक्यतंत्राला स्वतंत्र स्थान आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्राचे पहिले १९ अध्याय नेत्ररोगांना वाहिलेले असून त्यांत ७६ व्याधींची गणना आहे. वाग्भटाने ती ९४ पर्यंत नेली. ज्या परंपरेने नेत्राचे इतके सूक्ष्म निरीक्षण केले, तिच्याच वारसदारांच्या अनेक चिकित्सालयांत आज भिंतीवर साधा दृष्टितक्ताही आढळत नाही. रुग्ण डोळ्यांची आग, पाणी येणे वा शिरःशूल सांगतो आणि आपण औषध लिहून देतो. पण त्याला प्रत्यक्षात किती दिसते, हे मोजावयाचे राहून जाते. नियमित नेत्रतपासणीचा विचार म्हणूनच आपल्यापासून सुरू व्हावा, असे आम्हांस वाटते.

तक्रार नसतानाही तपासणी का?

दृष्टिदोषाचे वैशिष्ट्य असे की, तो पुष्कळदा रुग्णालाच कळत नाही. एक डोळा मंद झाला तरी दुसरा काम भागवतो. बालकाला तर इतरांना किती स्पष्ट दिसते याची कल्पनाच नसते. काचबिंदूत बहुधा कडेची दृष्टी आधी जाते आणि समोरचे दिसणे दीर्घकाळ टिकते.

येथे संज्ञांचा एक घोटाळाही लक्षात ठेवावा. संहितेतील ‘काच’ ही तिमिराची लिंगनाशाकडे जाणारी अवस्था आहे. तिचे साम्य आजच्या मोतीबिंदूशी अधिक आहे. मराठीतील ‘काचबिंदू’ मात्र वेगळा. त्याची तुलना सामान्यतः अधिमंथाशी केली जाते. अधिमंथ काही दिवसांतच दृष्टी नष्ट करतो, असा इशारा सुश्रुताने दिला आहे. परंतु तीव्र वेदनेने येणारा प्रकार रुग्णाला दवाखान्यात आणतो. मुकाट्याने वाढणारा प्रकार आणत नाही. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत मिळते. काचबिंदूने गेलेली परत येत नाही. उरलेली तेवढी राखता येते.

२०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढील व्यक्तींत अंधत्वाचे प्रमाण १.९९ टक्के आढळले आणि त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश अंधत्वाचे कारण मोतीबिंदू होते. म्हणजे उपाय उपलब्ध असूनही रुग्ण त्याच्यापर्यंत पोहोचलेला नव्हता.

बालकांची तपासणी

या कामात आपल्या पदवीधरांचा वाटा मोठा आहे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्याच्या फिरत्या पथकात दोन आयुष वैद्यकीय अधिकारी, एक औषधनिर्माता व एक परिचारिका अशी रचना आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी अपेक्षित असून दृष्टिदोष, जन्मजात मोतीबिंदू व ‘अ’ जीवनसत्त्वाची उणीव यांचा तीत समावेश आहे. मंडणगड वा राजापूरच्या एखाद्या वाडीतील बालकाची दृष्टी आयुष्यात प्रथम तपासणारी व्यक्ती अशा प्रकारे आपलाच सहाध्यायी असू शकते.

वेळेचे महत्त्व येथे सर्वाधिक आहे. ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या अर्भकाच्या दृष्टिपटलाची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हावी. अतिशय लहान अर्भकांत ती दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच करावी लागते. बाहुलीत पांढरी झाक दिसल्यास एक दिवसही थांबू नये. तिरळेपणा ‘मोठेपणी जाईल’ म्हणून सोडून दिल्यास तो डोळा आळशी होतो आणि सात-आठ वर्षांनंतर त्याची दृष्टी सुधारणे कठीण जाते. शाळाप्रवेशापूर्वी एकदा व पुढे दरवर्षी, शक्यतो जून महिन्यात, तपासणी करून घ्यावी.

प्रौढांची तपासणी

चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी व साठीनंतर दरवर्षी तपासणी व्हावी. तीत चष्म्याच्या नंबराबरोबर नेत्रदाब व दृष्टिमज्जातंतूही पाहिला जावा. घरात काचबिंदूचा इतिहास असल्यास ही तपासणी आधीपासूनच दरवर्षी करावी. प्रौढपणी जडलेल्या मधुमेहात निदान होताच व त्यानंतर प्रतिवर्षी बाहुली विस्फारून दृष्टिपटल पाहणे आवश्यक आहे. प्रमेहाच्या प्रत्येक रुग्णाच्या पत्रिकेवर ‘शेवटची नेत्रतपासणी’ असा रकाना आपण ठेवू शकतो.

आपल्या किनाऱ्यावर मासेमारी करणाऱ्यांना उन्हाचा व पाण्यावरील तिरिपीचा सतत त्रास असतो. त्यांच्यात अर्म आढळल्यास त्याची वाढ नोंदवावी व टोपी-गॉगलचा आग्रह धरावा. गावोगावी वृद्ध एकटे राहतात आणि मुले मुंबईस असतात. गणपती व शिमग्याला चाकरमानी घरी येतात, तेव्हाच ‘या खेपेस आई-वडिलांचे डोळे तपासून घ्या’ असे सांगितल्यास सोबतीचा प्रश्न सुटतो.

औषध दुकानदारांसाठी

लाल डोळ्यासाठी चिठ्ठीविना स्टेरॉइडयुक्त थेंब देऊ नयेत. रुग्ण तीच रिकामी बाटली दाखवून महिनोन्‌महिने औषध नेतो. त्यातून नेत्रदाब वाढतो व मोतीबिंदूही होऊ शकतो. आयुर्वेदीय नेत्रबिंदूही निर्जंतुक व मुदतीतीलच असावेत आणि उघडलेली बाटली महिन्यानंतर टाकून द्यावी. अंधत्व, मोतीबिंदू व काचबिंदू बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिराती १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने निषिद्ध आहेत. ‘चष्मा घालवा’ असा फलक ज्या दुकानात लागतो, तेथे तपासणीस निघालेला रुग्ण परत फिरतो, हे ध्यानी घ्यावे.

चिकित्सालयात काय करावे?

सहा मीटरवर दृष्टितक्ता लावावा. प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे, दुसरा झाकून तपासावा व आकडा पत्रिकेवर लिहावा. शाळकरी मुलास कोणत्याही डोळ्याने ६/९ ची ओळ वाचता न आल्यास पुढे पाठवावे. जाड कागदास सुईने पाडलेल्या छिद्रातून पाहिल्यावर अक्षरे स्पष्ट झाल्यास बहुधा चष्म्याची गरज असते; न झाल्यास अन्य व्याधीचा संशय धरावा. तर्पण, आश्च्योतन वा त्रिफलाघृत योजण्यापूर्वी व नंतर हीच नोंद करावी. आपल्या चिकित्सेचे फळही त्यामुळे निश्चितपणे मांडता येईल. अचानक दृष्टी जाणे, तीव्र वेदनेसह दिव्याभोवती वलये दिसणे किंवा डोळ्यास मार लागणे अशा प्रसंगी रुग्णास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे धाडावे.

सुश्रुताने शस्त्रकर्म केवळ कफज लिंगनाशात सांगितले. म्हणजे साध्यासाध्यत्वाचा निर्णय आधी व शलाका नंतर, हाच शास्त्राचा क्रम होय. वेळेवर लिहिलेली संदर्भचिठ्ठी हीदेखील चिकित्साच आहे. येत्या तिमाहीत प्रत्येक सदस्याने आपल्या चिकित्सालयात वा दुकानात एक दृष्टितक्ता लावावा, अशी आमची नम्र विनंती आहे.