पडद्यावरचे लग्न आणि बंद दाराआडचे प्रश्न

आमच्या धाकट्या लेकीचे लग्न ठरले आहे. कार्यालय, आचारी, मानपान, आहेराच्या साड्या यांवर घरात रोज रात्री बैठक बसते. अशाच एका बैठकीनंतर तिने संगणकावर एक जुना कृष्णधवल इंग्रजी माहितीपट लावला आणि म्हणाली, ‘‘बाबा, हे बघा. पंचाहत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेत पोरांना लग्न कसं करायचं ते शाळा-कॉलेजात शिकवायचे!’’

माहितीपटाचे नाव ‘आर यू रेडी फॉर मॅरेज?’ म्हणजे ‘तुमची लग्नाची तयारी झाली आहे का?’ सन १९५०. लॅरी आणि स्यू या दोघांना लगेच लग्न करायचे आहे, मुलीच्या आईवडिलांना ते घाईचे वाटते. मग दोघे एका विवाह सल्लागाराकडे जातात. कोट-टाय घातलेले ते गृहस्थ त्यांच्यापुढे प्रश्नांची एक यादीच ठेवतात. तुमची घरची पार्श्वभूमी मिळतीजुळती आहे का? तुम्ही एकमेकांचे खरे मित्र आहात का? लग्न म्हणजे काय हे तुम्हाला कळले आहे का? आमची सौ. म्हणाली, ‘‘आपल्याकडे हे काम मुलीचा मामा करतो, आणि तेही एका चहात!’’ सगळे हसले. मीही हसलो. पण त्या रात्री मला माझ्या दवाखान्यात फार वर्षांपूर्वी आलेले एक जोडपे आठवत राहिले. त्यांच्याविषयी पुढे सांगतोच. आधी हे माहितीपट कशासाठी निघाले ते पाहू.

दुसरे महायुद्ध १९४५ मध्ये संपले. लाखो सैनिक अमेरिकेत परतले आणि लग्नांची एकच झुंबड उडाली. त्याचबरोबर युद्धकाळात घाईगर्दीने झालेली लग्ने मोडूही लागली. १९४६ साली तिथे घटस्फोटांनी उच्चांक गाठला. तरीही लग्नाचे वय खालीच येत होते. १९५० च्या सुमारास निम्म्या मुलींची लग्ने विसाव्या वर्षाच्या आसपास उरकलेली असत. सैन्याने युद्धात जवानांना माहितीपटांच्या साहाय्याने झटपट शिकविले होते, तेव्हा संसारही असाच शिकविता येईल, असे शिक्षणतज्ज्ञांना वाटले. शिकागोजवळच्या ग्लेनव्ह्यू गावी कॉरोनेट ही कंपनी होती. ‘एस्क्वायर’ मासिकाचे प्रकाशक डेव्हिड स्मार्ट यांनी ती काढलेली. सोळा मिलिमीटरच्या रिळावर दहा-पंधरा मिनिटांचे असे पुष्कळ पट तिने काढले. मॅकग्रॉ-हिल या पाठ्यपुस्तकांच्या कंपनीने ‘मॅरेज फॉर मॉडर्न्स’ नावाची मालिकाच काढली. मिसुरी राज्यातल्या स्टीफन्स कॉलेजात विवाहविषयाचे वर्ग घेणारे प्राध्यापक हेन्री बोमन यांच्या १९४२ सालच्या पुस्तकावर ती आधारलेली होती. रिक प्रेलिंगर नावाच्या एका संग्राहकाने अडगळीत पडलेली अशी हजारो रिळे जमविली. २००२ साली तो संग्रह अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने घेतला आणि त्यातले बरेचसे पट आज इंटरनेटवर फुकट पाहता येतात.

लेकीच्या नादाने मी आणखी दोन-तीन पाहिले. ‘धिस चार्मिंग कपल’ची सुरुवातच घटस्फोटापासून होते आणि मग कथा मागे जाऊन त्यांचे प्रेमाचे दिवस दाखविते. दोघेही समोरच्या माणसाच्या प्रेमात नसून स्वतःच्या मनातल्या चित्राच्या प्रेमात होते, हे प्रेक्षकाला हळूहळू उमगते. हा पट मला खरोखर आवडला. ‘हूज बॉस?’ मध्ये नवराबायको दोघेही नोकरी करणारे, दोघेही हुशार आणि घरात शब्द कोणाचा चालावा यावर ठिणग्या. १९५० साली हा विषय घेतला, हे विशेषच म्हणायचे.

दोषही डोळ्यांत भरतात. पडद्यावर सगळी गोरी, खाऊनपिऊन सुखी घरे. बहुतेक पटांत बायकोची जागा स्वयंपाकघरात. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेत विवाह समुपदेशनाचा पाया घालणाऱ्यांत पॉल पोपेनो हे मोठे नाव. १९३० साली त्यांनी लॉस एंजेलिस येथे त्यासाठी संस्था काढली. हे गृहस्थ डॉक्टर नव्हते, मानसशास्त्रज्ञही नव्हते. ‘निकृष्ट’ माणसांना मुले होऊ देऊ नयेत आणि ‘उत्तम’ घराण्यांनी ती भरपूर जन्माला घालावीत, या मताचा ते प्रचार करीत. चांगल्या दिसणाऱ्या सल्ल्याच्या मुळाशी काय असते तेही पाहावे लागते.

पण डॉक्टर म्हणून मला वेगळीच गोष्ट खटकली. हे पट पगार, स्वभाव, सासू-सासरे, धर्म या सगळ्यांवर बोलतात आणि शयनगृहाच्या दारापाशी येऊन थांबतात. शरीराबद्दल काही नाही, संततिनियमनाबद्दल काही नाही. अर्थात ते बोलणार तरी कसे? कनेक्टिकट राज्यात नवराबायकोने संततिनियमनाचे साधन वापरणे हाच कायद्याने गुन्हा होता. तो कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये रद्द केला. गंमत अशी, की लग्नाआधी सिफिलिससाठी रक्त तपासण्याची सक्ती १९३५ मध्ये याच राज्याने सर्वांत आधी केली होती. रक्त तपासून या, पुढचे काही विचारू नका, असा तो कारभार!

या बाबतीत आपला महाराष्ट्र पुढे होता, हे आपणच विसरतो. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. या कामापायी त्यांना विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालविले. लोकांनी पाठविलेल्या लैंगिक शंकांना ते त्यात सरळ भाषेत उत्तरे देत. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली होती. खटला ते हरले, मासिक मात्र बंद पडले नाही.

पुढे आपल्याकडेही माहितीपट आले. फिल्म्स डिव्हिजनची स्थापना १९४८ ची. सरकारी कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम १९५२ पासूनचा. माझ्या लहानपणी तालुक्याच्या टॉकीजमध्ये मुख्य चित्रपटाआधी सरकारी माहितीपट दाखवावाच लागे आणि तेवढ्या वेळात लोक बाहेर जाऊन शेंगदाणे घेऊन येत. लाल त्रिकोण, हसरे छोटे कुटुंब, दोन मुले. अमेरिकन पटाने जोडीदार कसा निवडावा ते शिकविले, आमच्या पटाने मुले किती हवीत ते मोजायला शिकविले. निवड आणि मोजणी यांच्या मधली जी जागा आहे, तिथे नवे जोडपे एकटेच उभे असते.

आता ते जोडपे. १९९९ ची गोष्ट. नावगाव सांगत नाही, काही तपशीलही बदलले आहेत. मला दवाखाना टाकून तीन वर्षे झाली होती. तो एका दुकानात कामाला, ती बारावी झालेली, दोघांबरोबर सासूबाई. ‘‘डॉक्टरसाहेब, लग्नाला तीन वर्षं झाली, पाळणा हलत नाही.’’ मी पाळी विचारली, त्याच्या वीर्याची तपासणी लिहून दिली, तिला लोहाच्या गोळ्या दिल्या. तपासणी चांगली आली. मग थायरॉईड. मग टॉनिक. मधल्या काळात एका बाबाचा अंगारा झाला, दोन नवस झाले. आठ महिन्यांनी मी त्यांना जिल्ह्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे पाठविले. संध्याकाळी त्यांचा फोन आला. ‘‘डॉक्टर, या दोघांचा शरीरसंबंध अजून एकदाही झालेला नाही. तुम्ही विचारलं नव्हतं का?’’

मी विचारले नव्हते. एमबीबीएसच्या साडेपाच वर्षांत शरीराचा प्रत्येक स्नायू पाठ केला, पण हा एक प्रश्न कसा विचारायचा हे शिकलो नव्हतो. शिवाय समोर सासूबाई बसलेल्या! त्या आठ महिन्यांत त्या मुलीला ‘वांझ’ हा शब्द ऐकावा लागला होता. घरात त्याच्या दुसऱ्या लग्नाची कुजबुज सुरू झाली होती. त्याला वाटे, आपण हिला पसंत नाही. तिला वाटे, आपल्या शरीरातच काही कमी आहे. आणि मी लोहाच्या गोळ्या लिहीत होतो.

तिला जे होत होते त्याला व्हॅजायनिस्मस म्हणतात. डोळ्याजवळ काही आले की पापणी आपोआप मिटते ना, तसे योनिमार्गाभोवतीचे स्नायू संबंधाच्या वेळी आपोआप आकसतात. हे मुद्दाम केलेले नसते, हट्ट नसतो, नवऱ्याबद्दल नावडही नसते. पहिल्या प्रयत्नाला झालेली वेदना, मैत्रिणींनी घातलेली भीती, पूर्वी घडलेला एखादा वाईट प्रसंग, कधी काहीच कारण सापडत नाही. ‘वाट लहान आहे, ऑपरेशन करा’ असे कोणी म्हणाले तर आधी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्या. बहुतेकींना शस्त्रक्रिया लागतच नाही. आपले शरीर समजावून घेणे, श्वास आणि स्नायू सैल सोडण्याचे व्यायाम, हळूहळू वाढत्या आकाराच्या डायलेटरचा सराव आणि या सगळ्यात नवऱ्याची साथ, यांनी बहुसंख्य स्त्रिया बऱ्या होतात. वेळ मात्र द्यावा लागतो. जबरदस्तीने दुखणे वाढते.

पुरुषाचेही असेच. लग्नाच्या जागरणाने थकलेला, घाबरलेला तरुण पहिल्या काही रात्री अयशस्वी झाला, तर तो बहुधा मनावरच्या दडपणाचा परिणाम असतो. असा मुलगा घरच्या डॉक्टरकडे येत नाही. तो एस.टी. स्टँडच्या भिंतीवर जाहिरात रंगविणाऱ्या भोंदूकडे जातो आणि खिसा रिकामा करून येतो. तक्रार चालूच राहिली तर मात्र साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा, त्यांचाही संबंध असू शकतो.

पहिल्या रात्री रक्तस्राव झालाच पाहिजे, ही समजूत तर मुळातच खोटी आहे. योनिपटल प्रत्येकीचे वेगळे असते, लवचिक असते. अनेकींना रक्त येतच नाही. त्यावरून मुलीच्या चारित्र्याचा निवाडा करणाऱ्यांनी शरीरशास्त्राचे एक पान तरी वाचावे. लग्नानंतर पहिल्या काही आठवड्यांत लघवीला जळजळ होऊन नव्या सुना पुष्कळदा येतात. तेही पाप नव्हे, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग आहे. पाणी भरपूर प्यावे, संबंधानंतर लघवी करून यावे आणि त्रास झाल्यास लाजून आठवडाभर अंगावर काढू नये. ताप किंवा पाठीत दुखणे असेल तर त्याच दिवशी दाखवावे.

आता मी नवरा-नवरीला, दोघांनाही, लग्नाआधी एकदा बोलावतो. पत्रिकेत काय जुळायचे ते जुळो, रक्तात दोन गोष्टी पाहिल्याच पाहिजेत. एक थॅलेसेमिया मायनर. त्यासाठी साधी रक्तगणना आणि एचबी ए-टू ही तपासणी. वाहक असलेला माणूस ठणठणीत असतो, त्याला पत्ताही नसतो. पण दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलही पाहावा. रिपोर्ट असा आला म्हणजे लग्न मोडा, असे मी म्हणत नाही. गर्भारपणात लवकर तपासणी करता येते, ती माहिती आधी असलेली बरी. मुलीचा रक्तगट निगेटिव्ह असला तर घाबरू नये, योग्य वेळी अँटी-डीचे इंजेक्शन असते. मूल लगेच नको असेल तर निरोध किंवा रोजच्या गोळ्या, हे डॉक्टरला विचारून आधीच ठरवावे. तातडीची गोळी दर आठवड्याला घेण्याचे औषध नव्हे. मूल हवे असेल तर गर्भ राहण्याच्या आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे. आणि वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर दोघांनी मिळून यावे. सासूबाईंना बाहेर बसवायची जबाबदारी माझी.

त्या जोडप्यावर बाईंनी चार-पाच महिने उपचार केले. दीड वर्षाने ती सासूबाईंसोबत पेढे घेऊन आली. मुलगी झाली होती. नवस पावला, असे सासूबाई म्हणाल्या. सून माझ्याकडे पाहून हळूच हसली आणि मी पेढा खाल्ला.

राहता राहिली आमची लेक. आठवडाभर हा लेख लिहितो आहे, पण तिच्यासमोर बसून यातले अक्षरही बोलणे मला जमले नाही. दोनदा सुरुवात केली आणि हॉलच्या भाड्यावर घसरलो. शेवटी सौ.ने तिला त्याच बाईंकडे पाठविले. त्या आता निवृत्तीला आल्या आहेत. होणारे जावईही बरोबर गेले होते. तासभर काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. दोघांचे एचबी ए-टूचे रिपोर्ट तेवढे तिने माझ्या टेबलावर ठेवले आहेत. दोन्ही व्यवस्थित आहेत.