मॉडेलला वजन नसतं

दुसऱ्या महायुद्धातला जर्मनीचा ‘माउस’ हा 188 टनांचा रणगाडा 1/35 प्रमाणात साकारला, की तोफेसकट जेमतेम 29 सेंटिमीटर भरतो. कपाटातल्या इतर रणगाड्यांशेजारी तो असा काही दिसतो, की बघणारा हमखास म्हणतो, ‘असे शंभर बनले असते तर युद्धाचा निकालच फिरला असता!’

या समजाला मॉडेलच खतपाणी घालतं. 1/35 मध्ये लांबी-रुंदी 35 पटींनी घटते, पण आकारमान 35 गुणिले 35 गुणिले 35, म्हणजे 42,875 पटींनी. त्या हिशेबाने माउसचं मॉडेल 4.4 किलोंचं हवं. प्लॅस्टिकचं साधं किट किलोच्या आतच असतं. आणि ते 4.4 किलोंचं केलं तरी जमिनीवरचा दाब खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढाच राहील, कारण टेकण्याची जागा वजनाइतक्या झपाट्याने घटत नाही. मॉडेल कधी चिखलात रुतत नाही की पूल मोडत नाही. ज्या दोषाने हे रणगाडे निकामी ठरवले, नेमका तोच टेबलावर दिसत नाही.

अगदीच दिसत नाही असं नाही म्हणा. मॉडेल उलटं करून पाहा. रुंदी साडेदहा सेंटिमीटर, त्यात तीन-तीन सेंटिमीटरहून रुंद असे दोन पट्टे, आणि मधे उरते चार सेंटिमीटरची चिंचोळी जागा. रेल्वेने न्यायचं म्हणून रुंदी वाढवता येत नव्हती आणि वजन पेलायला पट्टे रुंद हवे होते; मग ते आत सरकले. खऱ्या रणगाड्यात एकेक पट्टा 1.1 मीटरचा. रणगाडा न्यायला 14 आसांची खास वाघीण बनवावी लागली. चाचणीत वेग ताशी 13 किलोमीटरच्या आसपास. पूल तर विसराच. नदीच्या तळातून जायची योजना होती, तीही जोडीने. एकाने काठावर थांबून केबलमधून वीज पुरवायची आणि दुसऱ्याने पाण्याखालून पलीकडे जायचं.

विजेवरून आठवलं. इंजिनाने जनरेटर फिरवायचा आणि त्या विजेवर पट्ट्यांच्या मोटारी, ही फर्डिनांड पोर्शची रचना निव्वळ खूळ होतं असं म्हणतात. ते अन्याय्य आहे. एवढं ओझं पेलणारा यांत्रिक गिअरबॉक्स बनवणं महाकठीण होतं आणि विजेने तो प्रश्न सुटत होता. मोबदल्यात तांबं आणि पोटातली बरीच जागा गेली, एवढं खरं.

पोर्शचाच दुसरा रणगाडा ‘टायगर’च्या स्पर्धेत हेन्शेल कंपनीकडून हरला. त्याच्या सुमारे 90 सांगाड्यांवर ‘फर्डिनांड’ ही रणगाडाविरोधी तोफगाडी उभी राहिली आणि जुलै 1943 मध्ये रशियातल्या कुर्स्कच्या लढाईत उतरली. मशिनगन नव्हती म्हणून रशियन पायदळाने त्या संपवल्या, ही कथा सर्वांना पाठ असते. मशिनगन नव्हती हे खरं, पण जास्त गाड्या अडकल्या त्या सुरुंगांनी आणि बिघाडांनी. 65 टनांची बंद पडलेली गाडी गोळीबारात ओढून नेणार कोण? मशिनगन पुढच्या दुरुस्तीत बसली आणि नाव ‘एलेफांट’ झालं. म्हणून कुर्स्कचा देखावा करायचा तर किटमधली ती मशिनगन स्प्रूवरच, म्हणजे सुटे भाग जोडलेल्या चौकटीवरच, राहू द्यावी.

माउस बनवणाऱ्याची फसगत मात्र संग्रहालयात होते. नमुने बनले दोनच, आणि खरा बुरुज फक्त दुसऱ्यावर चढला; पहिल्यावर वजनापुरता नकली होता. माघार घेताना जर्मनांनी दुसऱ्याचा सांगाडा उडवला. मग सोव्हिएत सैन्याने त्याचा बुरुज पहिल्याच्या सांगाड्यावर चढवला आणि तोच कुबिंकाच्या संग्रहालयात ठेवला. त्याची हुबेहूब नक्कल म्हणजे जर्मन सैन्याकडे कधीच नसलेला रणगाडा. युद्धकाळातला हवा असेल तर दोहोंपैकी एक निवडावा लागतो.

‘ई-100’ या दुसऱ्या जर्मन महारणगाड्याचा तर हाउस्टेनबेक इथे नुसता सांगाडाच दोस्त राष्ट्रांच्या हाती लागला, किटमधला बुरुज आराखड्यावरून घेतलेला. हजार टनांचा ‘राटे’ त्याहून पुढचा : 1942 चे कागद, 1943 मध्ये शस्त्रास्त्रमंत्री श्पेअरने मारलेली फुली, आणि तरीही बाजारात त्याची किटं. त्याला हवा तो रंग द्या. चूक काढायला पुरावाच नाही.