गाडीची जाळी काढली, धूर कुणाच्या छातीत गेला?

कोसबाडच्या टेकडीच्या पायथ्याशी आमच्या थोरल्या बहिणीचे घर आहे. दिवाळीनंतर आम्ही तिच्याकडे मुक्कामाला गेलो होतो. भाचा रात्री उशिरा कामावरून आला. त्याने आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा कोर्स केला असून मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील एका गॅरेजात तो कामाला आहे. जेवायला बसताच म्हणाला, "मामा, आज आमच्याकडे जपानी स्पोर्ट कार आली. तीस वर्षांची जुनी, पण इंजिन काय सांगू तुम्हाला!"

मालकाने तीन कामे सांगितली होती. ट्रॅक्शन कंट्रोल काढून टाका, सायलेन्सरच्या नळीतली जाळी काढा आणि धुराचा काही भाग परत इंजिनात नेणारी नळी बंद करा. "गाडी मोकळी होते मामा, पिकअप वाढतो," भाचा उत्साहाने सांगत होता.

चुलीपाशी तांदळाची भाकरी थापणाऱ्या बहिणीने मान वर न करता विचारले, "जाळीत अडकायचा तो धूर आता जाणार कुठं रे?"

भाचा गप्प झाला. खरे म्हणजे आम्हालाही उत्तर चटकन देता आले नाही. म्हणूनच हा लेख. स्पोर्ट कार आपल्या घरापुढे उभी नसेल. पण तिची नटबोल्ट खोलणारे हात आपल्या मुलांचे आहेत, आणि तिचा धूर ज्या रस्त्यावर सुटतो त्या रस्त्याच्या कडेला आपली घरे आहेत.

ही साधने करतात काय?

ट्रॅक्शन कंट्रोल म्हणजे चाकाची पकड सांभाळणारी व्यवस्था. ओल्या रस्त्यावर जोरात ॲक्सिलरेटर दाबला तर चाक जागीच गरगरते आणि गाडी घसरते. प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर हे ओळखतो व इंजिनाची ताकद तेवढ्यापुरती कमी होते. १९९३ साली आलेल्या टोयोटा सुप्राच्या टर्बो गाडीत यासाठी हवेच्या वाटेवर दुसरी झडप बसवलेली होती. २००१ च्या 'द फास्ट अँड द फ्युरिअस' या चित्रपटातील नारिंगी सुप्रा आजही मुलांच्या मोबाइलवर दिसते. अशा जुन्या गाड्यांचे शौकीन ती झडप काढतात, कारण ती हवा अडवते. पण चाकांचे तेच सेन्सर ब्रेकच्या एबीएसलाही माहिती पुरवतात. माहिती नसलेल्या हाताने तारा तोडल्या की ताकदीबरोबर ब्रेकचा भरवसाही जातो.

आता जाळी. तिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. मधाच्या पोळ्यासारख्या बारीक छिद्रांचा तो ठोकळा असतो आणि त्याच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर दिलेला असतो. इंजिनातून येणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड या थरावरून जाताना बदलतात. बाहेर पडतो तो बहुतांशी कार्बन डायऑक्साइड, वाफ व नायट्रोजन. म्हणजे जाळी धूर नुसता अडवत नाही, त्यातले विष मोडते. मुंबईसह देशातील चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना ती १ एप्रिल १९९५ पासून सक्तीची झाली.

तिसरी ती नळी, म्हणजे ईजीआर. ती थोडा धूर परत इंजिनात सोडते. त्यामुळे आतील उष्णता कमी राहते व नायट्रोजनचे ऑक्साइड कमी तयार होतात.

दिव्यावरची चिकटपट्टी

दुसऱ्या दिवशी सकाळी डहाणू रोड स्टेशनला जाण्यासाठी आम्ही इकोत बसलो. डॅशबोर्डवर एका जागी काळी चिकटपट्टी लावलेली दिसली. चालकाला विचारले तर म्हणाला, "इंजिनाचा दिवा सारखा पेटतो साहेब, पट्टी मारून टाकली." जाळी चोंदली होती, नवी परवडत नव्हती, म्हणून एका मेकॅनिकने ती फोडून नळी पुन्हा वेल्डिंग करून दिली होती.

स्पोर्ट कारच्या मालकाची हौस आणि इकोवाल्याची नड यांत फरक आहे, हे आम्ही जाणतो. दिवसभराच्या भाड्यावर घर चालवणाऱ्या माणसाला दोष देणे सोपे असते. परंतु त्याची फसवणूक कशी होते हेही पाहिले पाहिजे. जाळी बहुधा आपोआप चोंदत नाही. खराब प्लग, ऑइल जाळणारे इंजिन किंवा भेसळीचे इंधन ही त्याची नेहमीची कारणे. जाळी काढल्याने दुखणे बरे होत नाही, फक्त दिसेनासे होते. शिवाय त्या जाळीतल्या धातूंना बाजारात चांगली किंमत येते. त्यासाठीच इकोचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या महाराष्ट्रात व गुजरातमध्ये पोलिसांनी पकडल्या आहेत. अशी वस्तू मालक स्वतः मजुरी देऊन गॅरेजात सोडून येतो!

सर्वांत मोठा धोका प्रवाशांना आहे. इकोचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. जाळी फोडून जोडलेली नळी जर झिरपू लागली तर धूर आत शिरतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपट अधिक ओढीने चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, मग झोप येते. ६ डिसेंबरला थंडीच्या रात्री चैत्यभूमीकडे निघालेल्या गाड्यांत काचा लावून आपली मुलेबाळे झोपलेली असतात. ती झोप कसली आहे, हे कुणाच्या लक्षात येणार?

डहाणूचा धडा

धुराच्या तोंडाशी साधन असले म्हणजे काय फरक पडतो, हे डहाणूकरांना वेगळे सांगायला नको. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. येथील ५०० मेगावॉटच्या औष्णिक वीज केंद्राने धुरातील गंधकाचा वायू धुऊन काढणारे यंत्र बसवावे, असा आदेश प्राधिकरणाने १९९९ साली दिला. यंत्र चालू व्हायला २००७ साल उजाडले. चिकूच्या बागायतदारांनी व कार्यकर्त्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला.

एवढ्या मोठ्या कंपनीला जे साधन बसवायला आपण लावले, तसलेच साधन आपल्या हाताने गाडीतून काढून फेकायचे, हे कोणत्या न्यायात बसते? चिमणी उंच असते, तिचा धूर निदान वर जातो. गाडीची नळी मात्र लहान मुलाच्या नाकाच्या उंचीवर असते. ज्या कोसबाडात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाड्यांवरच्या लेकरांसाठी आयुष्य वेचले, तेथील लेकरे आज त्याच रस्त्याच्या कडेने शाळेत चालत जातात.

कायदा आणि कामगार

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने बनवलेल्या गाडीत परवानगीवाचून मूलभूत बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हवा-आवाजाचे नियम मोडणाऱ्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा आहेत. पीयूसी मिळाली म्हणजे सुटलो, असे कुणी समजू नये. पेट्रोल गाडीच्या त्या तपासणीत नायट्रोजनचे ऑक्साइड मोजलेच जात नाहीत. अपघात झाल्यास विमा कंपनी याच बदलावर बोट ठेवू शकते.

परंतु गॅरेजातल्या मुलाने काय करावे? शेठला नाही म्हटले तर रोजगार जाण्याची भीती. आमचे सांगणे असे की, एकदम 'नाही' म्हणण्याआधी दुखणे शोधून दाखवावे. सेन्सर तपासावा, प्लग पाहावेत, नळीची गळती बघावी. तोडणे कुणालाही येते. शोधून दुरुस्त करणे ही विद्या आहे, आणि तिचीच मजुरी पुढे वाढत जाते. गाडीवाल्या बांधवांनीही दिव्यावरची पट्टी काढावी, आणि निदान धुराची नळी व तिचे सांधे तपासून घ्यावेत.

परवा भाच्याचा फोन आला. स्पोर्ट कारच्या मागच्या चाकाजवळची सेन्सरची तार तुटलेली निघाली. ती जोडल्यावर ट्रॅक्शन कंट्रोल नीट चालू लागले, ते काढायचे मालकाने रद्द केले. जाळीचा हट्ट मात्र त्याने सोडला नाही. भाच्याने हात लावला नाही, तेव्हा शेठने ते काम दुसऱ्या मुलाला दिले आणि भाच्याला दोन दिवस टायर बदलायला बसवले.

"आईला काय सांगू मामा?" त्याने विचारले.

आम्ही म्हणालो, "जे झालं ते सांग. तिला राग येणार नाही."