दहा फुटांच्या खोलीसाठी लेन्स

आमची वाशीची इमारत पुनर्विकासाला जाणार हे नक्की झाले, तेव्हा घरात आधी भाड्याच्या घराची चर्चा झाली, मग सामानाची. फोटोंचा विषय अम्मीने काढला. "घर रिकामे करण्याआधी एकदा सगळे इथे बसा आणि घरासकट फोटो काढा," एवढेच ती म्हणाली.

अब्बांनी हे घर घेतले तेव्हा वाशीला रेल्वेही नव्हती. मानखुर्दहून खाडी ओलांडून गाडी आली ती १९९२ साली. घाऊक बाजार मुंबईहून वाशीला हलला, त्याच्या मागोमाग अब्बा आले. बाहेरची खोली दहा बाय बारा, आत सहा फूट रुंदीचे स्वयंपाकघर. आम्हा तिघा भावंडांचे अभ्यास, धाकटीचा निकाह, अब्बांचे शेवटचे आजारपण, सगळे याच भिंतींत झाले. आणि तरी या घराचा एकही पूर्ण फोटो आमच्याकडे नव्हता. जुन्या अल्बममध्ये माणसे आहेत. मागे कपाटाचा तुकडा, पडद्याचा कोपरा. घर कुठेच नाही.

नवी मुंबईत, मुंब्य्रात, पनवेलमध्ये अशा छोट्या घरांत राहणारी आपली कितीतरी कुटुंबे आज याच वळणावर आहेत. म्हणून आमचा शोध, त्यातली चूक आणि शेवटी जमलेले काम, तिन्ही इथे मांडत आहोत.

घर फोटोत का मावत नाही?

आमच्याकडे कॅननचा १२००डी कॅमेरा आहे. त्याच्यासोबत येणारी लेन्स १८-५५ मिलिमीटरची. मिलिमीटरचा आकडा जितका लहान, तितकी लेन्सची नजर रुंद. १८ मिलिमीटरला ही नजर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण ७४ अंश असते; १० मिलिमीटरला ती १०७ अंशांपर्यंत जाते.

अंश लक्षात राहात नसतील तर एक सोपा हिशेब करा. अशा कॅननच्या सेन्सरची रुंदी सुमारे २२.३ मिलिमीटर आणि उंची १४.९ मिलिमीटर असते. रुंदीला लेन्सच्या आकड्याने भागा आणि समोरच्या भिंतीपर्यंतच्या अंतराने गुणा. तेवढी रुंदी फोटोत येते. आमच्या स्वयंपाकघरात सहा फुटांवरून १८ मिलिमीटरला सात फूट रुंद आणि पाच फूट उंच एवढेच दिसते. ओटा घेतला तर वरची फळी जाते, फळी घेतली तर ओटा. त्याच जागेवरून १० मिलिमीटरला तेरा फूट रुंद आणि जवळजवळ नऊ फूट उंच दिसते. म्हणजे ओटा, फळी, खिडकी आणि ओट्याशी उभी अम्मी, सगळे एका फोटोत. निकॉनच्या तशाच कॅमेऱ्यात २२.३ च्या जागी २३.५ घ्या.

आमची पहिली चूक

हा हिशेब आम्ही आधी केला नाही. जुन्याच लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायचा एक 'वाइड कन्व्हर्टर' नऊशे रुपयांना मिळतोय म्हणून घेऊन आलो. मधला भाग बरा आला. कडेला सगळे पाण्यात बुडाल्यासारखे, आणि चारही कोपरे काळे. दुकानदाराने परत घेतला नाही. नऊशे रुपये शिकवणीला गेले असे समजून तो डबा कपाटावर टाकला.

मग आम्ही स्वतःला दोन प्रश्न विचारले. पहिला : मोबाइल पुरेल का? अनेक मोबाइलमध्ये आता ०.५ असे बटण असते आणि त्याची नजर पुरेशी रुंद असते. दिवसाच्या भरपूर उजेडात, मोबाइलवरच पाहायचे फोटो असतील तर ते पुरते. परंतु त्या कॅमेऱ्याचा सेन्सर बहुधा अगदी छोटा असतो. आमच्या खोलीत दुपारीही ट्यूबलाइट लावावी लागते. तिथे चित्र दाणेदार आले, आणि आम्हाला मोठे प्रिंट हवे होते.

दुसरा प्रश्न : लेन्स भाड्याने का आणू नये? एका दिवसाचे काम असेल तर हाच सर्वांत स्वस्त मार्ग आहे, आणि आम्ही तो आवर्जून सुचवू. आमचे काम मात्र एका दिवसाचे नव्हते. फुफी महाडहून एका रविवारी येणार, मामू पुढच्या महिन्यात, आणि अम्मीची तब्येत कधी बरी, कधी नाही. म्हणून विकत घ्यायचे ठरले, पण पंधरा हजारांच्या वर एक रुपया नाही. नव्या घराची अनामत समोर होती. आठवण जपण्यासाठी खर्च करणे वेगळे आणि हौसेपोटी उधळणे वेगळे, ही रेघ अम्मीनेच आखून दिली.

कोणती घ्यावी?

सर्वांत आधी आपला कॅमेरा पाहा. कॅननच्या ज्या कॅमेऱ्याच्या तोंडाशी पांढरा चौकोनी ठिपका असतो, त्यालाच ईएफ-एस प्रकारची लेन्स बसते. या प्रकारातली १०-१८ मिलिमीटर लेन्स २०१४ साली आली. तोवर कॅननची स्वतःची १०-२२ लेन्स होती. ही नवी लेन्स अमेरिकेत २९९ डॉलरला, म्हणजे तिच्या निम्म्याहून कमी किमतीत निघाली आणि सामान्य घराच्या आवाक्यात आली. वजन फक्त २४० ग्रॅम. बसवायचा मागचा कडा प्लॅस्टिकचा आहे, म्हणून जपून वापरावी लागते. पण हाताचा कंप सावरणारी सोय तिच्यात आहे. पुढे मिररलेस कॅमेरा घेतला तरी कॅननच्या अडॅप्टरने ती त्यावर चालते.

निकॉनवाल्यांसाठी तिचीच जोडीदार म्हणजे २०१७ साली आलेली एएफ-पी डीएक्स १०-२०. वजन २३० ग्रॅम, कंप सावरणारी सोय हिच्यातही. पण एक सावधगिरी हवी : डी३१००, डी३२००, डी५१००, डी९० अशा जुन्या कॅमेऱ्यांवर ही लेन्स फोकस करत नाही. कॅमेऱ्याचा क्रमांक दुकानात सांगा आणि बसवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

जुन्या बाजारात टोकिनाची ११-१६ ही लेन्सही पुष्कळ दिसते. तिचे भिंग एफ २.८ पर्यंत उघडते, म्हणजे कॅननच्या एफ ४.५ पेक्षा सुमारे अडीच पट उजेड आत येतो. रात्रीच्या मांडवात पळणारी मुले टिपायची असतील तर हा उजेड खरा कामाचा. पण वजन साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास, कंप सावरणारी सोय नाही, आणि निकॉनसाठीच्या पहिल्या आवृत्तीत फोकसची मोटरच नाही. ती दुसऱ्या आवृत्तीत आली.

यातून आम्ही एकच गोष्ट शिकलो. जास्त उजेड घेणारी लेन्स चांगली असते हे खरे, पण भिंत, कपाट आणि पलंगावर बसलेली अम्मी हलत नाहीत. न हलणाऱ्या गोष्टींसाठी कंप सावरणारी सोय किंवा साधे स्टूल पुरते. ज्या कामासाठी लेन्स हवी, तेवढ्याच गुणाचे पैसे मोजावेत.

बोरा बाजारात

एका शनिवारी हार्बरची गाडी पकडून आम्ही सीएसएमटीला उतरलो आणि फोर्टमधल्या बोरा बाजारात गेलो. कॅमेऱ्यांची नवी-जुनी दुकाने तिथे ओळीने आहेत. जुनी लेन्स घेताना आम्ही चार गोष्टी तपासल्या, त्या लिहून ठेवा.

एक, मोबाइलची बॅटरी लावून भिंगातून आरपार पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी आहे. लेन्स तिथेच परत द्या. खाडीकाठच्या दमट हवेत हा रोग फार.

दोन, दुकानाच्या भिंतीवर वर्तमानपत्राचे पान सपाट लावून समोरून फोटो घ्या आणि मोठा करून चारही कोपरे वाचा. चारही थोडे मऊ असले तर चालते. एकच बाजू पुसट असेल तर आतले भिंग सरकलेले आहे.

तीन, झूमच्या दोन्ही टोकांना, जवळच्या आणि लांबच्या वस्तूवर फोकस करून पाहा.

चार, पावतीवर लेन्सचा क्रमांक आणि परत करण्याची मुदत लिहून घ्या.

पहिल्या दुकानातल्या लेन्समध्ये बुरशी निघाली. तिसऱ्या दुकानात १०-१८ साडेबारा हजारांत मिळाली. घरी ती हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो. पुड्या ओलावल्या की बदलतो.

फोटो काढताना

रुंद नजरेची लेन्स कडेच्या वस्तू ताणते. मधे बसलेला माणूस जसाच्या तसा येतो, टोकाला बसलेल्याचे डोके लांबट होते. पहिल्या फोटोत फुफी टोकाला होत्या, त्यांनी तो पाहिला आणि हसून म्हणाल्या, "हे तोंड माझे नाही, भोपळ्याचे आहे." तेव्हापासून वडीलधाऱ्यांना मधे आणि थोडे मागे बसवतो, कडेला कपाट, पडदा, कुंडी येऊ देतो.

कॅमेरा छातीच्या उंचीवर आणि अगदी सरळ धरा. तो वर किंवा खाली झुकला की भिंती तिरक्या होतात. स्टुलावर ठेवून दोन सेकंदांचा टायमर लावा, एफ ८ ठेवा, फ्लॅश बंद करा. खिडकी पांढरीफक होत असेल तर पातळ पडदा ओढा किंवा ऊन उतरल्यावर काढा.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांत विशेष जपायची. ही लेन्स तुमच्या अंदाजापेक्षा जास्त पाहते. दाराशी उभी असलेली वहिनी समजते की आपण फोटोत नाही; पण ती असते, कधी डोक्यावर ओढणी नसतानाही. समोरच्या इमारतीची खिडकीही येते. म्हणून आधी सर्वांना सांगा, काढल्यावर दाखवा, आणि कोणाला नको असेल तर त्यांच्यासमोरच पुसून टाका.

हेच ज्ञान भाड्याचे घर शोधताना उपयोगी पडले. खारघर, उलवे, तळोजा इथल्या घरांचे फोटो आले की खोल्या दिवाणखान्यासारख्या मोठ्या दिसत. जाऊन पाहावे तर पलंग टाकल्यावर चालायला जागा नाही. आता आम्ही आधी फोटोच्या कडा पाहतो. कडेचा पंखा अंडाकृती, कडेची फरशी लांबोडकी दिसली की समजायचे, खोली लेन्सने मोठी केली आहे. मग थेट फूट विचारतो.

शेवटचा फोटो घर सोडायच्या आदल्या शुक्रवारी काढला. सामान अर्धे बांधलेले, भिंतीवर कपाटाचा फिकट चौकोन. खिडकीजवळ अब्बांची खुर्ची होती. आम्ही ती हलवू लागलो तर अम्मी म्हणाली, "राहू दे. तिथेच असते ती." ती मधे बसली, आम्ही भोवती, मुले जमिनीवर. खोलीच्या चारही भिंतींपैकी तीन त्या फोटोत आहेत, आणि दारही आहे.

त्याचे तीन प्रिंट काढले, एकेका भावंडाकडे एक. मूळ फोटो दोन वेगळ्या ठिकाणी साठवले आहेत. अम्मीने प्रिंट हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि विचारले, "एवढे मोठे होते का आपले घर?"

नव्हते. पण तिला आम्ही लेन्सचे गणित सांगितले नाही.

वाचकहो, आपल्या घराचा असा एखादा फोटो आहे का, आज अल्बम काढून पाहा. नसेल तर लेन्स विकत घ्या, भाड्याने आणा, किंवा मोबाइलचे ०.५ चे बटण दाबा. मात्र सामान बांधायला घेण्याआधी.